कापडी पंखाची दुरुस्ती चिकटपट्टीने होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरी बांधलेल्या विमानांविषयी प्रसिद्ध झालेला लेख मी येथे विस्कॉन्सिनमध्ये आवडीने वाचला. हौशी विमानबांधणीसारख्या विषयाला मराठी वृत्तपत्राने पानभर जागा द्यावी याचा आनंद झाला. येथील ओशकोश शहरात जुलैअखेरीस भरणारा हौशी विमानांचा मेळावा आणि मुंबईच्या अमोल यादव यांनी चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान, या दोहोंचा परामर्श लेखकाने आपुलकीने घेतला आहे, हेही नमूद केले पाहिजे. मात्र त्याच लेखात कापडी पंखांविषयी जो परिच्छेद आहे, त्यातील दोन विधाने चुकीची आहेत, आणि त्यांपैकी एक तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकेल असे आहे. कापडाचे पंख ही ज्याला पत्रा परवडत नाही त्याने केलेली तडजोड आहे, हे पहिले विधान. पंखाला भोक पडलेच तर घरातली चिकटपट्टी लावून बिनधास्त उडता येते, हे दुसरे. विमानांची देखभाल हा माझा व्यवसाय आहे आणि मित्रांसोबत मी एका लाकडी, कापडाने मढवलेल्या विमानाची निगाही राखतो. म्हणून या दोन्ही विधानांवर, विशेषतः दुसऱ्यावर, थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी मागतो.

पहिल्या विधानासाठी फार शाई खर्च करण्याची गरज नाही. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ विमान कापडानेच मढवलेले होते, आणि बंगळूरला तयार झालेले, 1958 साली प्रथम उडालेले आणि पुढे देशभरातील फ्लाइंग क्लबांत एका अख्ख्या पिढीने ज्यावर धडे गिरवले ते पुष्पक हेही कापडीच. कापड निवडले जाते ते मुख्यतः वजनासाठी. आज सर्रास वापरले जाणारे मध्यम जाडीचे पॉलिएस्टर कापड एका चौरस मीटरला सुमारे 90 ग्रॅम भरते, आणि त्यावर सगळे लेप चढवूनही ते पत्र्यापेक्षा हलकेच राहते. कमी ताकदीच्या इंजिनावर उडणाऱ्या विमानात वाचलेला प्रत्येक किलो उपयोगी पडतो, तेव्हा इथे गरिबीचा प्रश्न येतोच कुठे?

चिकटपट्टीची गोष्ट लेखकाने अलास्कातील त्या गाजलेल्या छायाचित्रांवरून उचलली असावी, असा माझा तर्क आहे. आडरानात उभ्या असलेल्या एका पायपर विमानाचे कापड अस्वलाने ओरबाडून काढले आणि वैमानिकाने चिकटपट्टी व प्लॅस्टिक गुंडाळून ते विमान परत नेले, ही हकिगत इकडच्या हँगरांमध्येही, म्हणजे विमाने ठेवण्याच्या शेडमध्येही, चवीने सांगितली जाते. पण ती छायाचित्रे लक्षपूर्वक पाहिली तर फाटलेले कापड मुख्यतः धडाचे आहे, हे ध्यानात येते. त्या विमानाच्या धडाचा सगळा भार पोलादी नळ्या जोडून केलेल्या सांगाड्यावर असतो आणि कापड त्यावरचे केवळ आवरण असते. ते फाटले की विमान कुरूप दिसते, हवेचा अडथळा वाढतो, शेपटाकडे जाणारा प्रवाह बिघडतो. तरीही सांगाडा शाबूत राहतो. आडरानात अडकलेल्या माणसाने एका फेरीपुरते केलेले ते धाडस होते. त्यावरून पंखाबद्दल निष्कर्ष काढणे सर्वस्वी गैर आहे.

कारण पंखाचे कापड काम करते. हवेची उचल प्रथम त्याच्यावर येते, तिथून ती बरगड्यांकडे (पंखाला आकार देणाऱ्या, पुढून मागे जाणाऱ्या चौकटींकडे), बरगड्यांकडून स्पारकडे (पंखाच्या लांबीभर गेलेल्या मुख्य तुळईकडे) आणि स्पारकडून धडाकडे जाते. आमच्यासारख्या संथ विमानात सरळ उड्डाणातही पंखाच्या प्रत्येक चौरस फुटावर साधारण 7 ते 8 पौंड भार असतो आणि 60 अंश कलून उंची न गमावता वळण घेतले की तो दुप्पट होतो. त्यातला मोठा वाटा वरच्या बाजूच्या खेचीचा असल्यामुळे वरचे कापड बरगडीवर दाबले जात नाही, उलट सतत तिच्यापासून उचकटू पाहते. म्हणूनच बहुतेक विमानांत ते नुसते चिकटवून भागत नाही. मेण लावलेला दोरा लांब सुईने पंखाच्या आरपार, वरून खाली आणि खालून वर, ओवून प्रत्येक टाक्याला गाठ मारावी लागते. 1918 साली फ्रान्समध्ये लढणाऱ्या अमेरिकन तुकड्यांना न्यूपोर 28 जातीची विमाने मिळाली होती. जोरदार सूर मारून विमान वर घेताना त्यांच्या वरच्या पंखाचे कापड पुढच्या कडेपासून सुटून मागे फाटत जात असे, आणि तशा अवस्थेत विमान उतरवून काही वैमानिक केवळ कौशल्याने वाचले. पुढच्या कडेला सुटलेल्या कापडात हवा शिरली की पुढे काय होते, हे तेव्हापासून सर्वांना ठाऊक आहे. घरगुती चिकटपट्टी उन्हात आणि पेट्रोलच्या वाफेत लवकरच कडेने सुटू लागते, हे वेगळे सांगायला नको.

दुरुस्ती प्रत्यक्षात कशी होते हे एका उदाहरणाने सांगतो. आमचे विमान एअर कँपर जातीचे आहे. बर्नार्ड पीटनपोल यांनी मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह या खेड्यात 1929 साली मोटारीच्या, म्हणजे फोर्ड मॉडेल ए गाडीच्या, इंजिनावर जे उडवून दाखवले तेच, आणि आजही लोक त्याच आराखड्यांवरून ते बांधतात. गेल्या उन्हाळ्यात हँगरचे दार उघडताच आत घुसलेल्या वाऱ्याने कोपऱ्यातली उंच शिडी आमच्या डाव्या पंखावर कोसळली आणि वरच्या कापडावर, एका बरगडीला लागूनच, काटकोनात चीर पडली. तिची एक बाजू बोटभर आणि दुसरी त्याच्या दुप्पट होती, आणि मधला त्रिकोणी तुकडा आत लोंबत होता. बाहेरून पाहणाऱ्याला हे अर्ध्या तासाचे काम वाटले असते.

अशा वेळी पहिले काम असते ते चिरेतून आत पाहण्याचे; ती बुजवण्याची वेळ फार नंतर येते. दंतवैद्याकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा आणि बारीक विजेरी आत घालून पाहिले तेव्हा शेजारच्या बरगडीच्या वरच्या पट्टीला केसाइतकी बारीक भेग गेलेली दिसली. स्प्रूस लाकडाची ती पट्टी अवघी पाव इंच जाड आणि अर्धा इंच रुंद असते. तिच्यावर कापड ताणून बसलेले असल्यामुळे बाहेरून बोट फिरवल्यास काहीच लागत नव्हते. शिडी कापडावर पडली होती, पण मार बरगडीने खाल्ला होता. त्यावर चिकटपट्टी लावली असती तर ती भेग आत तशीच राहिली असती आणि पहिल्याच खडबडीत हवेत बरगडी मोडली असती. आत नजर टाकताना आणखीही पाहण्यासारखे बरेच असते: आडव्या-तिरप्या ताणतारा ढिल्या झाल्या आहेत का, उंदराने घरटे केले आहे का (त्याचे मूत्र लाकडाला आणि धातूला दोन्हींना वाईट), पाणी साचल्याचे काळे डाग आहेत का. पंखाच्या मागच्या कडेला खालच्या बाजूने पाणी निथळण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात. खालच्या कापडाला ठिगळ लावताना उत्साहाच्या भरात ती बुजवली गेल्याचे मी पाहिले आहे.

बरगडी दुरुस्त करायची म्हणजे मूळ चिरेपेक्षा मोठे तोंड उघडणे आले. तिला बगलेने स्प्रूसची चिपाटी एपॉक्सीने जोडून, ती पूर्ण सुकल्यावर वार्निश लावून मगच कापडाकडे वळलो. फाटलेला भाग नेहमी गोल किंवा लंबगोल कापून काढायचा असतो, कारण कोपरा राहिला की सगळा ताण तिथे एकवटतो आणि नवी चीर तिथूनच सुरू होते. मग भोवतालचे लेप उतरवायचे. आमच्या पंखावर वरती पिवळा रंग, त्याखाली अॅल्युमिनियमच्या भुकटीचा रुपेरी थर आणि तळाशी पॉली-ब्रश नावाचा गुलाबीसर लेप आहे. द्रावकात भिजवलेल्या फडक्याने हलक्या हाताने पुसत गेले की हे थर उलट्या क्रमाने निघताना दिसतात, आणि गुलाबी दिसला की हात थांबवायचा. घाई असलेले लोक येथे पॉलिशकागद घेतात. त्याने रंगाबरोबर धागेही कापले जातात आणि ठिगळाच्या कडेनेच कापड दुबळे होते.

नवे ठिगळ त्याच वजनाच्या कापडाचे, कडा दातेरी कात्रीने कापलेल्या. सरळ कापलेली कड उसवते आणि हवेला धरायला धागा मिळतो. ते गोंदाने चिकटवून, अंगठ्याने हवेचे फुगे बाहेर काढून रात्रभर सुकू दिले. दुसऱ्या दिवशी इस्त्री. पॉलिएस्टर उष्णतेने आकसते, म्हणून आधी 250 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 121 सेल्सिअस, आणि शेवटी 350 अंश, म्हणजे सुमारे 177 सेल्सिअस, अशी टप्प्याटप्प्याने इस्त्री फिरवतात. गोंदाच्या कडांवर मात्र कडक इस्त्री नेत नाहीत, कारण गोंद मऊ पडून ठिगळ सरकते. इस्त्रीच्या चकतीवरचा आकडा येथे कोणीही खरा मानत नाही. तळाला तापमापक लावून ती आधी जोखून घेतात, कारण 350 च्या बरेच वर गेले की कापड आकसण्याऐवजी कायमचे सैल पडते आणि मग ते काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. नीट आकसलेल्या ठिगळावर टिचकी मारली की डफासारखा आवाज येतो. त्यानंतर तळचा लेप, बरगडीवर फीत, तुटलेल्या टाक्यांच्या जागी पुन्हा आरपार टाके आणि गाठी, त्यावर दातेरी पट्टी, पुन्हा लेप, रुपेरी थर आणि सर्वांत शेवटी रंग. सुकण्याचा वेळ धरून आठवडा सहज जातो.

यापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. ठिगळ लावण्यापूर्वी पंखावर आधीपासून काय लावलेले आहे, हे नक्की ठाऊक असले पाहिजे. जुन्या काळी सुती किंवा लिननचे कापड वापरत आणि त्यावर डोप नावाचा सेल्युलोजचा लेप लावत. तो सुकताना आकसतो आणि कापड ताणून धरतो. पॉलिएस्टर डोपने ताणले जात नाही, त्याला उष्णता लागते, आणि सुतात जसा डोप मुरतो तसा तो पॉलिएस्टरच्या धाग्यात मुरत नाही. पहिला पातळ हात विणीतून आरपार जाऊन मागच्या बाजूने धाग्यांना वेढून बसला तरच तो टिकतो. रे स्टिट्स यांनी कॅलिफोर्नियात विकसित केलेली पॉली-फायबर पद्धत व्हिनाइलवर आधारलेली आहे. या दोन कुळांचे गोंद आणि लेप एकमेकांवर चढवले तर ठिगळ पहिल्या दिवशी देखणे दिसते आणि पुढे कधीतरी पापुद्र्यासारखे सुटते. म्हणून कोणी मला ठिगळाबद्दल विचारले की मी आधी विमानाची नोंदवही मागतो. त्यात कापड, गोंद आणि लेप यांची नावे नसतील तर बांधणाऱ्याला गाठून विचारावे, आणि तेही शक्य नसेल तर लहानशा ठिगळाच्या नादी न लागता तो सगळा भाग नव्याने मढवावा, असे माझे मत आहे. काहींना हे अतिरेकी वाटते.

हे मत कशावरून बनले ते सांगतो. ओशकोशच्या विमानतळाला ज्यांचे नाव आहे ते स्टीव्ह विटमन हे शर्यतीचे वैमानिक आणि विमानरचनाकार होते. कापड, लाकूड आणि नळ्या यांत त्यांचे सारे आयुष्य गेले होते. 27 एप्रिल 1995 रोजी, वयाच्या 91 व्या वर्षी, स्वतः बांधलेल्या विमानातून पत्नीसह फ्लोरिडाहून ओशकोशकडे येत असताना अलाबामा राज्यात त्यांचे विमान हवेतच मोडले आणि दोघांचाही मृत्यू झाला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात आढळले की पंखावरचे कापड अयोग्य रीतीने लावले गेले होते. ते ज्या पृष्ठभागावर चिकटवले होते त्यापासून सुटले, एलेरॉनजवळ (पंखाच्या मागच्या कडेला असलेल्या, विमान कलवणाऱ्या हलत्या भागाजवळ) मागच्या कडेला मोकळे झाले, आणि त्यातून एलेरॉन व पंख यांचे अनावर थरथरणे सुरू झाले. इतक्या जाणत्या माणसाच्या पंखावरही सुटू पाहणारे कापड बाहेरून दिसले नाही. वरून रंग चकचकीत आहे एवढ्यावर भरवसा ठेवणाऱ्यांनी हा अहवाल जरूर वाचावा.

ठिगळ किती मोठे असावे याचेही नियम आहेत. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या दुरुस्तीविषयक पुस्तिकेनुसार, न शिवता केवळ चिकटवलेले ठिगळ कमाल अनुज्ञेय वेग ताशी 150 मैलांपेक्षा जास्त नसलेल्या विमानावरच चालते, तेही इजा कोणत्याही दिशेने 16 इंचांपेक्षा मोठी नसेल तर. भोक 8 इंचांपर्यंत असेल तर ठिगळ सर्व बाजूंनी किमान 2 इंच पुढे जावे; त्याहून मोठे असेल तर भोकाच्या व्यासाच्या एक चतुर्थांश, पण 4 इंचांपेक्षा जास्त नको; आणि इजा बरगडीवर किंवा तिच्या अगदी जवळ असेल तर ठिगळ बरगडीच्या पलीकडे किमान 3 इंच न्यावे. शिवायचेच असेल तर इंचाला किमान चार टाके, आणि दर दहा टाक्यांनी गाठ. हौशी बांधणीच्या विमानाला ही पुस्तिका कायद्याने बंधनकारक नाही, तरी माझ्या ओळखीचे सगळे बांधणारे तीच उघडून बसतात. भोक सोयीच्या जागी पडले असेल तर काही जण ठिगळाऐवजी तिथे प्लॅस्टिकचे कडे चिकटवून कायमची तपासणीची खिडकी करून टाकतात. मला ही युक्ती पसंत आहे.

जुन्या कापडाबद्दल एकच सांगतो. ठिगळ नवे आणि भोवतालचे कापड जीर्ण असेल तर फाटण्याची जागा फक्त ठिगळाच्या कडेला सरकते. पॉलिएस्टरचा खरा शत्रू ऊन आहे आणि त्याला अडवतो तो मधला रुपेरी थर. अंधाऱ्या हँगरमध्ये पंखाच्या आत दिवा लावला आणि कापडातून उजेड झिरपताना दिसला, तर तो थर पुरेसा नाही असे समजावे. शंका आल्यास इंचभर रुंदीची पट्टी कापून ओढून पाहतात. आमच्यासारख्या हलक्या, संथ विमानात ती किमान 46 पौंडांना टिकली पाहिजे, आणि अधिक वेगाच्या किंवा अधिक भाराच्या विमानात 56 पौंडांना. पट्टी कापण्याचे अनेकांच्या जिवावर येते, कारण त्या भोकालाही मग ठिगळ लावावे लागते.

अमेरिकेत अशा विमानाची दुरुस्ती कोणीही करू शकतो. वार्षिक तपासणीवर मात्र परवानाधारक तंत्रज्ञाची किंवा तसे प्रमाणपत्र मिळालेल्या मूळ बांधणाऱ्याची सही लागते. म्हणजे दोन तपासण्यांच्या मधल्या काळात आपल्या पंखाचे पंच आपणच. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत जे विद्यार्थी रेडिओवर चालणारी लहान विमाने बांधतात त्यांनी आपल्या मॉडेलवर चिकटपट्टी खुशाल लावावी, तिथे कोणाचा जीव टांगलेला नसतो. त्यांच्यापैकी कोणी पुढे माणूस बसेल अशा विमानाकडे वळला, तर डोपचा नायट्रेट हा प्रकार विलक्षण ज्वालाग्राही असतो आणि साफसफाईचे द्रावक बंद खोलीत वापरण्याजोगे नसतात, एवढे त्याने सुरुवातीलाच लक्षात ठेवावे.

शेवटी एक लहानशी विनंती. लेखासोबतच्या छायाचित्राखाली "ठिगळांनी भरलेला पंख" असे छापले आहे. त्या चित्रातील ओळीने असलेली गोल झाकणे म्हणजे तपासणीच्या खिडक्या आहेत आणि पुढून मागे गेलेल्या समांतर पट्ट्यांखाली बरगड्यांचे टाके आहेत. त्या पंखावर मला एकही ठिगळ दिसले नाही. पुढील रविवारी ही ओळ दुरुस्त करून छापावी आणि तिच्यासोबतच चिकटपट्टीविषयीचे वाक्य मागे घेत असल्याचा खुलासाही द्यावा.

आपला,
एक वाचक, विस्कॉन्सिन (अमेरिका)